एक तास चाळीस मिनिटं

सहासष्ट सालच्या एप्रिलमध्ये, एका मंगळवारी सकाळी, भैयाजी घरून अर्धा तास लवकर निघाला, कारण ऑफिसातला खडू संपला होता. नागपूरच्या टांडापेठेतून सायकल काढायची, गांधीबागेतल्या दुकानातून खडूची पेटी घ्यायची आणि मग सोनेगावचा विमानतळ गाठायचा, एवढंच काम होतं. ऊन तेव्हाच चढायला लागलं होतं. तरी भैयाजी खुशीत होता, कारण त्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ बाबूलाल मुंबईहून विमानाने येणार होता.

भैयाजी विमानतळावर चौकशीच्या खिडकीमागे बसायचा. खिडकीशेजारी एक काळा फळा होता आणि तो फळा हाच त्याचा संसार होता म्हटलं तरी चालेल. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली होती आणि दुसरी त्याने केली नाही. रोज सकाळी तो फळ्यावर एकेका शहराचं नाव लिहायचा, त्यापुढे अंतर, त्यापुढे वेळ. मुंबई, सहाशे नव्वद किलोमीटर, एक तास चाळीस मिनिटं. मैलांचे किलोमीटर झाले तेव्हा सगळ्या ऑफिसची तारांबळ उडाली होती, पण याने नवे आकडे एका रात्रीत पाठ केले. घड्याळ चुकेल, वेळापत्रक चुकणार नाही, असा त्याचा स्वभाव.

घर मात्र विणकरांचं, कोष्ट्यांचं. भैयाजीने नोकरी धरली, बाबूलाल घरचा माग सोडून मुंबईच्या गिरणीत लागला, पण त्यांची आई रुख्माबाई अजून मागावर बसायची. मागच्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात तिचे पाय आणि समोर नऊवारी लुगडं. दिवसभर आडवं सूत घेऊन धोटा इकडून तिकडे पळायचा आणि खट्... खट्... आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जायचा. त्या घरात एक चाल होती. घरातलं माणूस वाटेवर असलं, की मागावरचं सूत कापायचं नाही. लुगडं पुरं झालेलं असो, गिऱ्हाईक दारात उभं असो, माणूस पोहोचल्याचं कळेपर्यंत कातर उचलायची नाही. सूत तुटलं तर वाट तुटते, असं रुख्माबाईची सासू सांगायची, आणि रुख्माबाईने ते कधी तपासून पाहिलं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी तिने विचारलं होतं, "भैया, मुंबई इथून किती लांब आहे गा?"

"सहाशे नव्वद किलोमीटर."

"मले कोसात सांग."

"दोनशे पंधरा कोस धर."

"अन् तेवढं ते इमान किती वेळात येते?"

"एक तास चाळीस मिनिटं. नऊले सुटते, दहा चाळीसले इथं."

म्हातारी थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिली. "तेवढ्यात माझं हातभर लुगडं होते," ती म्हणाली, आणि तिला त्या विमानाबद्दल जरा आदर वाटायला लागला.

नोकरीमुळे भैयाजीला वर्षातून एकदा घरच्यांसाठी पास मिळायचा. तो त्याने बाबूलालसाठी घेतला होता. बाबूलालची बायको चंद्रकला बाळंतपणाला सासरीच राहिली होती, मुलगी सव्वा महिन्याची झाली होती आणि बापाने तिला पाहिलं नव्हतं. बारसंही त्याच्यासाठीच थांबवलं होतं. येताना तो एकटा, पण चार दिवसांनी जाताना तिघं, साडेअकराच्या विमानाने. पासासोबत भैयाजीने सामानाला बांधायच्या पुठ्ठ्याच्या तीन चिठ्ठ्याही पाठवल्या होत्या, एक येतानाची, दोन जातानाच्या. "दोरी पक्की बांधजो," असं त्याने पत्रात लिहिलं होतं. खरं तर ते लिहायची गरज नव्हती. बाबूलाल डावखुरा होता, त्याची गाठ उलटी पडायची, आणि लहानपणापासून ती गाठ त्याच्याशिवाय घरात कोणाला सुटली नव्हती.

त्या दिवशी नवा खडू मिळाला म्हणून भैयाजीने फळा ओल्या फडक्याने पुसला आणि सगळा नव्याने लिहायला घेतला. तो लिहीत असताना शिपायाने एक चिठ्ठी आणून टेबलावर काचेच्या वजनाखाली ठेवली. भैयाजीने ती पाहिली आणि मुंबईचा 'ई' पुरा करायला वळला. मग खिडकीवर गर्दी झाली.

बरोबर दहा चाळीसला फोन वाजला. गल्लीच्या कोपऱ्यावर डॉक्टरचा दवाखाना होता, तिथून चंद्रकला बोलत होती. म्हातारीला फोनच्या यंत्राची भीती वाटायची.

"भाऊजी, आलं काय विमान? माय विचारून राहिली. लुगडं घ्यायले शेठचा माणूस बसला आहे, बाराच्या गाडीनं नवरीकडचे जाऊन राहिले म्हणते. कापू का?"

भैयाजीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. फळ्याकडे पाहिलं. आणि त्याच वेळी छपरावरून विमानाची घरघर गेली. त्याने ती स्पष्ट ऐकली, खिडकीची काच हलली तीही पाहिली.

"आलं," तो म्हणाला. "उतरून राहिलं. काप म्हणा मायले."

फोन ठेवून तो हसत बाहेर आला. धावपट्टी रिकामी होती. उन्हात दूरवर काहीतरी पाण्यासारखं हलत होतं, तेवढंच. आभाळात घार होती. त्याने वरच्या मजल्यावर विचारलं, तर म्हणाले, आत्ता कोणतंच विमान गेलं नाही, मुंबईचं पस्तीस मिनिटं उशिरा सुटलंय, कळवलं होतं ना तुम्हाला? भैयाजीने काचेचं वजन उचललं. चिठ्ठीवर तेच लिहिलेलं होतं. अकरा पंधरा.

अकरा पंधरा वाजले. साडेअकरा वाजले. विमानाचा शेवटचा शब्द आला होता तो दहा बेचाळीसला, अकोल्याच्या उत्तरेच्या डोंगरांवरून. त्यानंतर काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी जंगलात जळालेले तुकडे सापडले, आणि कोणाचं कोण हे ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्या तिसऱ्या दिवशी रुख्माबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. तिने फक्त एक प्रश्न विचारला. "काप म्हणून कोणं सांगितलं?"

"भाऊजींनी," चंद्रकला म्हणाली.

म्हातारीने मान वळवली. ती भैयाजीकडे बघत राहिली. खरं तेवढंच बोलायचं होतं, चार शब्द होते. पण आईचे डोळे त्याला सोसवेनात.

"मी... यायची वेळ झाली, इतकंच म्हटलं," तो म्हणाला. "आलं असं काही बोललो नाई."

चंद्रकलेने त्याच्याकडे एकदा पाहिलं. भासऱ्याच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, तोंडावर उलट बोलायची त्या घरात रीत नव्हती, आणि कदाचित तिच्या अंगात तेवढं बळही नव्हतं. तेराव्यानंतर तिचा बाप येऊन तिला आणि मुलीला उमरेडला घेऊन गेला. जाताना ती पाया पडायला वाकली, तर म्हातारीने पाय मागे ओढून घेतले.

भैयाजी कामावर जात राहिला. फळा लिहीत राहिला. मुंबईची ओळ लिहिताना त्याचा हात मात्र दर वेळी थांबायचा, आणि कोणी वेळ विचारली की तो आता फळ्याकडे बघून सांगायचा.

वर्ष सरत आलं. रुख्माबाई त्या दिवसानंतर मागावर बसली नव्हती. ते एक लुगडं कापून उतरवलं, तेव्हा उरलेलं उभं सूत तसंच ताणलेलं राहिलं होतं आणि त्याच्यावर धूळ बसली होती. आणि एका संध्याकाळी, भैयाजी जेवायला बसला असताना, ती अगदी सहज म्हणाली, "बाबूलाल रोज निघून राहिला गा."

भैयाजीचा घास हातातच राहिला.

"सकाळी नऊले माग सुरू होते. मी ओसरीवरून ऐकतो ना रोज... हातभर होईस्तोवर चालते. मग कातर वाजते." तिचा आवाज बारीक झाला. "रोज कातर वाजते, भैया. रोज माह्या पोराले वाटेतच तोडतात."

म्हातारीचं डोकं फिरलं, असं त्याने ठरवलं. तसं ठरवणं सोपं होतं. पण रविवारी त्याला सुट्टी होती. नऊचे ठोके पडले आणि मागच्या खोलीतून आवाज आला. खट्... खट्... तो उठला, दारापर्यंत गेला. आत उन्हाचा एक पट्टा आडवा पडला होता. धोटा कोनाड्यात होता, जिथे वर्षभर होता तिथेच. एकही धागा हलत नव्हता, धूळही हलत नव्हती. आवाज मात्र त्या रिकाम्या खड्ड्यातून नीट, एका लयीत येत होता, आणि ती लय त्याच्या आईची नव्हती. खोलीत सुताच्या खळीचा आंबूस वास भरला होता, कोणीतरी नुकतीच खळ शिजवावी तसा.

तो दाराशीच बसून राहिला. एक तास चाळीस मिनिटं. मग कच्... असा एकच आवाज आला आणि सगळं थांबलं. ओसरीवर म्हातारी तोंडात पदर कोंबून रडायला लागली. त्या दिवशी भैयाजीला आपल्या आईकडे बघवलं नाही.

पुढचा बुधवार आला. तारीख एकोणीस, बाबूलालला जाऊन बरोबर वर्ष. त्याला ती माहीत होती, ती काही विसरण्यासारखी नव्हती. मुंबईचं विमान त्या दिवशी नव्हतंच, त्यामुळे सकाळी खिडकीवर चिटपाखरू नव्हतं. पंख्याचा आवाज येत होता. दहा चाळीसला फोन वाजला.

"भाऊजी..."

आवाज चंद्रकलेचा होता. मागे कुठेतरी सव्वा महिन्याचं मूल रडत होतं, आणि त्याच्याही मागे, लांबून, माग चालू होता.

"भाऊजी, आलं काय विमान? माय विचारून राहिली... कापू का?"

छपरावरून घरघर गेली आणि काच हलली. सगळं तसंच, तेव्हासारखं. काचेच्या वजनाखाली एक चिठ्ठी होती. ती सकाळी तिथे नव्हती, हे तो शपथेवर सांगायला तयार होता. त्याने ती उचलली. अकरा पंधरा.

"नाही आलं," तो म्हणाला. "कापू नोका. माहीच चूक झाली वं... मीच काप म्हटलं होतं. अजून वाटेवर आहे तो. मायले सांग, थांब म्हणा..."

पलीकडून कोणीतरी "बरं" म्हणालं. आवाज बाईचा होता की बाप्याचा, हे त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

तो तसाच सायकलीवर बसला आणि भर उन्हात घरी आला. आईच्या पुढ्यात बसून त्याने सगळं सांगितलं. चिठ्ठी, फळा, फोन, आणि तिसऱ्या दिवशीचं ते खोटं. सांगताना तो लहान मुलासारखा रडला.

"आज कातर वाजली नाही," शेवटी रुख्माबाई म्हणाली. मग, "वर्षभर त्या पोरीले मी मनात काय काय बोलली... तुले काहून नाई बोलता आलं गा भैया? एवढे आकडे पाठ राहतात तुले." आणि मग, "जा. आण तिले."

उमरेडला चंद्रकला अंगणात धान्य निवडत होती. वर्षात ती दहा वर्षांनी मोठी झाल्यासारखी दिसत होती. पोरगी तिच्या गुडघ्याला धरून उभी राहायला शिकली होती. नाव आजोळीच ठेवलं होतं, देवकी. भैयाजीने चंद्रकलेच्या बापासमोरच सांगितलं, की दोष हिचा नव्हता, माझा होता. मग हळूच विचारलं, काल तू फोन केला होता काय?

"आमच्या घरी फोन कुठचा, भाऊजी," ती म्हणाली. सुपातले खडे ती वेचत राहिली. थोड्या वेळाने, मान वर न करता, म्हणाली, "तेव्हाच तुम्ही एक शब्द बोलले असते, तर मले निदान रडता आलं असतं. सगळ्यांच्या लेखी मीच मारलं होतं. मारणाऱ्या बाईनं कोणत्या तोंडानं रडावं?"

भैयाजीने आईचा निरोप सांगितला. ती संध्याकाळच्या मोटारीने त्याच्यासोबत आली. दारात रुख्माबाईने तिला उराशी धरलं, आणि त्या घरात पहिल्यांदा बाबूलालसाठी दोघी बायका मिळून रडल्या.

दुसऱ्या दिवशी भैयाजीने रजा टाकली. देवकी मागच्या खोलीच्या दाराशी झोळीत निजली होती. नऊ वाजले आणि माग सुरू झाला. चंद्रकलेने तो पहिल्यांदाच ऐकला. ती घाबरली नाही. "त्याचाच हात आहे," एवढंच ती म्हणाली, आणि भिंतीला टेकून ऐकत राहिली, नवरा खोलीत काम करत असताना बायको ऐकते तशी.

दहा चाळीस झाले. कातर वाजली नाही. खट्... खट्... माग पुढे चालत राहिला. दहा बेचाळीस झाले. रुख्माबाईचे ओठ हलत होते. अकराला ती उठली, तिने भाकरीचा तुकडा घेतला, तांब्या भरला आणि दारात जाऊन उभी राहिली.

अकरा पंधराला माग थांबला. छपराच्या कवेलूंवरून विमानाची घरघर गेली, इतकी खालून, की फडताळातली भांडी वाजली. टांडापेठेवरून विमानं जात नाहीत. मग शांत झालं. गल्लीतला कुत्रा उठून दुसरीकडे जाऊन बसला. रुख्माबाईने समोरच्या रिकाम्या जागेवरून भाकरतुकडा ओवाळला, डोळ्यांना पाणी लावलं असतं तसा हात पुढे केला, तुकडा लांब फेकला, पाणी ओतलं.

"ये, बाबा," ती म्हणाली. "लय उशीर झाला गा तुले."

चंद्रकलेला हुंदका आवरेना. भैयाजीलाही वाटलं, की छातीवरचा दगड कोणीतरी उचलला. पोहोचला एकदाचा. वर्षभराची वाट होती, पण पोहोचला.

तेवढ्यात आत देवकी हसली.

ती झोळीत उठून बसली होती आणि उजवा हात वर धरून त्याच्याकडे कौतुकाने बघत होती. मनगटाला काहीतरी बांधलेलं होतं. भैयाजी जवळ गेला. पुठ्ठ्याची चिठ्ठी होती, सामानाला बांधतात ती. कडेला थोडी जळालेली. असल्या शेकडो चिठ्ठ्या त्याच्या हाताखालून गेल्या होत्या, त्यामुळे वाचायची तशी गरज नव्हती, तरी त्याने वाचली. नागपूर ते मुंबई. खाली नावाच्या जागी बाबूलालच्या अक्षरात लिहिलं होतं, देवकी.

बापाला ते नाव माहीत असायचं कारण नव्हतं. तो गेला तेव्हा पोरीला नावच नव्हतं.

भैयाजी गाठ सोडायला बसला. गाठ सुटेना. त्याने नखं लावली, दात लावला. चंद्रकलेने पोरीला मांडीवर घेतलं. रुख्माबाई आली. सत्तर वर्षांत हजारो धागे सोडवलेली तिची बोटं त्या दोरीवर फिरली आणि थांबली.

"उलटी आहे," ती म्हणाली. "त्याचीच आहे. कापा लागन."

ती कोनाड्यातून कातर घेऊन आली. कातरीचं पातं दोरीखाली गेलं, आणि मागच्या खोलीत आवाज झाला.

खट्... खट्...

कोणीतरी वाटेला लागलं होतं. पातं तिथेच राहिलं. चंद्रकलेने पोरीला दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरलं, आणि पोरगी आईच्या खांद्यावरून मागाकडे बघत चिठ्ठी बांधलेला हात हलवत होती. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा होत आले होते.

रुख्माबाईने वर पाहिलं नाही. कातर तिच्या हातात तशीच होती.

"भैया," ती म्हणाली, "मुंबईले जायले किती वेळ लागते गा?"

भैयाजीला ते पाठ होतं. त्याने सांगितलं नाही.